नव्या शहरात आल्यापासून दोन वर्षांची मुलगी रोज रडत ‘घरी जाऊया’ म्हणते. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नव्या शहरात येऊन तीन आठवडे झाले. मुलगी सव्वादोन वर्षांची. रात्री तीन-तीनदा उठते, दिवसभर तुम्हाला चिकटून असते, शू सांगायला लागली होती ते आता बंद झालंय, आणि दिवेलागणीला दारापाशी उभी राहून ‘घरी जाऊया’ म्हणते. नवरा दिवसभर कामावर, ओळखीचं कुणी नाही. हे कधी थांबेल आणि एकदा जुन्या घरी नेऊन आणलं तर तिला बरं वाटेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

आमच्याकडे बदली बायकोची झाली होती. मी काम सोडलं आणि आठ महिने मुलाबरोबर घरी राहिलो. आलो तेव्हा तो २२ महिन्यांचा होता. तेव्हा काय चुकलं आणि काय जमलं, तेच मुख्यतः सांगतो.

तो रोज संध्याकाळी स्वतःच्या चपला घेऊन यायचा. एकेका हातात एकेक. दोन्ही माझ्या मांडीवर ठेवायचा, दाराकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, ‘घली.’ मी म्हणायचो, ‘अरे राजा, हेच आपलं घर.’ झालं, तो जमिनीवर अंग टाकून आकांत करायचा. असं पाच-सहा दिवस चाललं. एका संध्याकाळी मी इतका थकलो होतो की समजूत घालायचंही त्राण उरलं नव्हतं. मी नुसतं म्हटलं, ‘तुला ते घर आठवतंय ना? तिथे पंखा कसा वाजायचा, खट खट खट?’ तो रडता रडता थांबला. मी म्हटलं, ‘आणि खिडकीत कबूतर यायचं.’ त्यावर तो म्हणाला, ‘भूभू.’ खालच्या मजल्यावरचा कुत्रा. मग आम्ही दोघांनी मिळून दहा मिनिटं त्या घरातली एकेक गोष्ट आठवली. जिना, बादली, शेजारच्या आजी. सगळं आठवून झाल्यावर तो आपणहून मांडीवरून उतरला आणि खेळायला गेला.

दुसऱ्या दिवशी चपला पुन्हा आल्या. मग पंखा, कबूतर, भूभू पुन्हा. पंधरा-वीस दिवस हे चाललं आणि मग चपला यायच्या बंद झाल्या.

म्हणून पहिली गोष्ट ही की ‘हेच आपलं घर’ म्हणणं सोडून द्या. तिच्या लेखी घर म्हणजे ते, आणि ते तिला हवंय. ती खरं बोलतेय आणि तिचं सर्वांत जवळचं माणूस तिला ‘नाही’ म्हणतंय. ‘तुला त्या घराची आठवण येते, मलाही येते,’ एवढं म्हणून बघा. आठवण काढली तर ती आणखी रडेल अशी भीती मला वाटत होती. उलट झालं. त्याच्याजवळ जे सांगायला शब्दच नव्हते, ते दुसरं कुणीतरी बोललं आणि तो शांत झाला.

दुसरी चूक जास्त मोठी होती. पहिले दोन आठवडे मी कंबर कसून घर लावत होतो. खोकी उघडायची, कपाटं भरायची, सगळं जागच्या जागी आलं की मूल रुळेल असं वाटत होतं. त्या नादात एक दिवस जेवण बाराला तर दुसऱ्या दिवशी दोनला, आंघोळ कधी सकाळी तर कधी संध्याकाळी. घर लागलं, पण दिवसाची घडी पार विस्कटली. या वयाच्या मुलाला घड्याळ कळत नाही. कशानंतर काय येतं, हेच त्याचं घड्याळ. आंघोळीनंतर खिडकी, खिडकीनंतर जेवण, जेवणानंतर झोप. भिंती तर आपण बदलल्याच होत्या, वर हा क्रमही मी मोडला. त्याला धरायला काहीच उरलं नव्हतं.

तेव्हा खोकी राहू द्या. आमची चार खोकी पुढे सहा महिने तशीच होती आणि कुणाचं काही अडलं नाही. आधी दिवस लावा. सगळा दिवस बांधायची गरज नाही. उठल्यावर काय, दुपारच्या झोपेआधी काय, संध्याकाळी बाहेर कधी आणि रात्री झोपताना काय, एवढ्या चार जागा पक्क्या करा. वेळ अर्धा तास इकडेतिकडे झाली तरी चालेल, क्रम मात्र चुकवू नका.

रात्रीचा क्रम सर्वांत महत्त्वाचा. आमचा असा होता: पडदा त्यानं ओढायचा, तीच दोन गाणी त्याच क्रमानं, आणि शेवटी दिव्याचं बटण त्यानं दाबायचं. यातलं बटणाचं सांगतो, कारण रुळणं म्हणजे काय ते मला त्यातून कळलं. जुन्या घरी बटण दाराच्या डाव्या अंगाला होतं, इथे उजव्या. त्याला कडेवर घेऊन खोलीत शिरलो की त्याचा हात डावीकडच्या कोऱ्या भिंतीवर जायचा. तिथे दोनदा थोपटायचा आणि मग माझ्याकडे बघायचा. मी काही न बोलता वळून उजवीकडे उभा राहायचो. सहाव्या आठवड्यात कधीतरी, माझ्या खांद्यावर डोकं ठेवलेलं असताना, न बघता त्याचा हात उजवीकडे गेला. त्या रात्री तो एकदाच उठला.

सव्वादोन वर्षांच्या मुलाला २४ तासांत सर्वसाधारणपणे ११ ते १४ तास झोप लागते, दुपारची धरून. रात्री नीट झोपावी म्हणून दुपारची झोप तोडू नका. अतिथकलेलं मूल जास्त वेळा उठतं, हे आम्ही स्वतः भोगलंय. रात्री उठली तर मोठा दिवा लावू नका, बाहेरच्या खोलीत आणू नका. तिथेच बसा, पाठीवर हात ठेवा, रोज तेच एक वाक्य हळू आवाजात म्हणा. आम्ही तीन आठवडे त्याच्याशेजारी गादी टाकली होती आणि मग ती दर दोन-तीन दिवसांनी वीतभर दाराकडे सरकवली.

तुम्हाला सोडत नाही म्हणता, ते मला काळजीचं वाटत नाही. त्या दिवसांत रात्री जागाच असायचो, तेव्हा बरंच वाचलं. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी वर्ष-दीड वर्षाच्या मुलांना आईबरोबर एका अनोळखी खोलीत बसवून निरीक्षणं केली होती. आई जवळ असली की मूल खेळण्यांकडे जातं, मधूनच तिच्याकडे येतं, पुन्हा जातं. ती बाहेर गेली की बहुतेकांचं खेळणं मंदावतं. आई हा मुलाचा तळ असतो, तिथून ते जग बघायला निघतं. तुमच्या मुलीसाठी अख्खं घर, अख्खी गल्ली ही अनोळखी खोलीच आहे, आणि तिच्यातून बाहेर पडायचं दार तिला सापडत नाहीये. ओळखीचं म्हणावं तर फक्त तुम्ही. ती तुम्हाला धरून बसणारच.

त्यामुळे तिचं लक्ष चुकवून सटकू नका, अगदी कचरा टाकायला जायचं असलं तरी. सांगून जा, रडली तरी सांगून जा, आणि आल्यावर ‘आले बघ’ म्हणा. दिवसा बुवाकुक खूप खेळा, पडद्याआड, दाराआड, मग शेजारच्या खोलीतून नुसता आवाज देऊन. दिसेनासं झालेलं माणूस परत येतं, हे तिला शंभर वेळा बघू द्या.

तिचं एखादं दुपटं, उशी, कापडी खेळणं असेल तर ते धुवायची घाई नको. डोनाल्ड विनिकॉट हे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. मुलाच्या अशा लाडक्या वस्तूवर त्यांचा १९५३ साली प्रसिद्ध झालेला लेख आहे. त्यात ते म्हणतात की ती वस्तू कळकट झाली, वास यायला लागला तरी आईवडील तशीच राहू देतात, कारण ती धुतली तर मुलाच्या अनुभवात खंड पडतो. आम्ही नेमकं उलटं केलं होतं. नवं घर म्हणून सगळी अंथरुणं-पांघरुणं पहिल्याच दिवशी धुवून काढली, त्याचं दुपटंसुद्धा. त्यानं ते नाकाशी धरलं आणि खाली टाकून दिलं. ते बघून मला फार वाईट वाटलं होतं.

शू सांगणं थांबलंय ते परत येईल. ओरडू नका, लाजवू नका, हवं तर काही दिवस डायपर लावा. शिकलेलं पुसलं गेलेलं नाही. एका वेळी इतकं सगळं सांभाळताना तिनं एक गोष्ट खाली ठेवलीय. शहराची भाषा वेगळी असेल तर ती बाहेर गप्प राहील, काही मुलं कित्येक आठवडे नुसती ऐकत राहतात. घरात मात्र तुमच्या भाषेत भरपूर बोला. दोन भाषा कानावर पडल्यानं बोलणं मागे पडत नाही. पण घरात तुमच्याशीही आधी बोलायची ते शब्द गळायला लागले, डोळ्याला डोळा देईना, खाणंपिणं तुटून वजन उतरायला लागलं, तर जागा बदलल्यामुळे असेल असं म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा. आम्हाला पहिल्यांदा गरज पडली ती रात्री अकरा वाजता, अंगात १०३ ताप आणि फोनमध्ये एकही नंबर नाही.

घरात एकदा गुडघ्यांवर रांगून फिरा. तिच्या उंचीवरून काय हाताला येतं ते बघा. खिडकीखाली चढता येईल असं काही नको, कपाट भिंतीला ठोकून घ्या, बादलीत पाणी भरून ठेवू नका. या वयाचं मूल दोन-तीन इंच पाण्यातही बुडू शकतं. जुन्या घरातल्या धोक्याच्या जागा आपल्याला अंगवळणी पडलेल्या असतात, नव्या घरातल्या अजून ठाऊक नसतात.

आता तुमच्याबद्दल. प्रश्नात तुम्ही स्वतःवर एकच वाक्य लिहिलंय, ‘ओळखीचं कुणी नाही.’ मला ते वाक्य सगळ्यांत जड वाटलं. दुपारी चारनंतर वेळ कसा जात नाही ते मला माहीत आहे. दिवसभरात मोठ्या माणसाशी एक अख्खं वाक्य बोललेलं नसतं. १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. वर्षभराच्या मुलांना एका काचेच्या पृष्ठभागावर ठेवलं, मध्येच खाली खोल आहे असा भास होईल अशी रचना, आणि पलीकडे आई. आईनं चेहरा घाबरलेला केला तेव्हा १७ पैकी एकही मूल पुढे गेलं नाही. हसरा केला तेव्हा १९ पैकी १४ मुलं काच ओलांडून आली. पुढे जायचं की नाही, हे मूल आपल्या चेहऱ्यावर वाचतं. म्हणून उसनं हसू आणावं असं मी मुळीच म्हणत नाही. पण तुम्हाला या शहरात एक माणूस मिळणं ही तुमच्या मुलीचीही गरज आहे, चैन नाही.

मी एवढंच केलं की रोज त्याच वेळी, त्याच बागेत, त्याच बाकावर जाऊन बसायचो. कुणी बोलो न बोलो. पहिले दहा-बारा दिवस कुणीच बोललं नाही. मग नातीला घेऊन येणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, ‘दोन-तीन दिवस दिसला नाहीत?’ मुलाला सर्दी झाली होती. आपण नसलो तर कुणाच्या तरी लक्षात येतं, या एका गोष्टीनं माझ्या जिवात जीव आला. पुढे त्याच आजोबांनी डॉक्टर सुचवले, आणि त्यांची नात हे माझ्या मुलानं नव्या शहरात घेतलेलं पहिलं नाव. ठिकाणं बदलत फिरण्यापेक्षा एका जागी रोज दिसत राहणं जास्त उपयोगी पडतं, मुलालाही आणि आपल्यालाही.

दिवस जाता जात नाही म्हणून मोबाइल हातात द्यायचा मोह होतो. दोन वर्षांच्या मुलासाठी दिवसाला तासाभराहून जास्त पडदा नको, कमी तितका बरा, असं जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगतेय. आजी-आजोबांना व्हिडिओ कॉल मात्र जरूर लावा, आणि तोही रोज ठरल्या वेळी.

कधी थांबेल, याचं आमच्यापुरतं उत्तर: सहाव्या आठवड्यापासून झोप सुधारली, तिसरा महिना सरता सरता तो बागेत माझा हात सोडून पळायला लागला. मधे एक आठवडा सगळं पुन्हा बिघडलं होतं, बायको कामासाठी बाहेरगावी गेली तेव्हा. तुमच्याकडे असं झालं तर पहिल्यापासून सुरुवात झाली असं समजू नका. आमच्याकडे ते आठ दिवसांत सावरलं.

राहिलं जुन्या घरी नेणं. इतक्यात नेऊ नका. तीन आठवड्यांत नेलंत तर तिला वाटेल, आपण परत आलो. मग तिथून निघणं म्हणजे दुसऱ्यांदा घर सोडणं. आम्ही पाचव्या महिन्यात गेलो. खिडकीला दुसऱ्यांचे पडदे होते. वर जाऊया का विचारलं, तर तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभा राहून वर बघत राहिला. मग शेजारच्या आजींकडे अर्धा तास बसलो, कुत्र्याला हात लावून झाला. उठताना त्यानं स्वतःच चपला आणून माझ्या मांडीवर ठेवल्या. नेणार असाल तेव्हा दुपारची झोप झाल्यावरच न्या, आणि तिथे मुक्काम ठेवू नका.