परत विचार

चि. …………
अ. उ. आ.

वर तुझं नाव घातलेलं नाही. हे पत्र कोलंबोला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या हाती देते आहे. विमानतळावर त्याची बॅग उघडली, तर तुझं नाव तिथे सापडायचं काही कारण नाही. भित्री म्हणायचं तर म्हण.

आधी रागावून घेते. त्या बाईंची सगळी हकीकत तू मला फोनवर सांगितलीस, गावासकट. वर पाठोपाठ त्यांच्या अंगणाचा फोटो! अंगणातलं ते ताडपत्रीचं कुंपण, त्यामागचं देऊळ, सगळं ओळखू येतंय. त्या भागातल्या कुणालाही घर सापडेल. फोटो मी पुसून टाकला, तूही टाक.

आता तुझी अडचण. दोन वर्षांपूर्वी बाईंनी तुमच्या संस्थेच्या अहवालासाठी संमतिपत्रावर सही केली. मे २००९ मध्ये, श्रीलंकेतल्या यादवी युद्धाच्या अगदी शेवटी, उत्तरेत मुल्लैतीवूजवळच्या वट्टुवाकल पुलापाशी मुलाला स्वतःच्या हाताने सैन्याच्या ताब्यात दिलं आणि तो परत आला नाही, हे नावानिशी सांगितलं. आता अहवाल छपाईला निघालाय, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेचं जिनिव्हाचं अधिवेशन तोंडावर आहे, आणि दुभाष्याकडून निरोप आलाय की माझं नाव काढा. तुझे साहेब म्हणतात सही आहे, तेवढी पुरे. आणि तू मला विचारतेस, ‘नाव काढलं तर आपण घाबरलो असं होईल का?’

हे ‘आपण’ कोण गं? तुझ्या खिशात भारताचा पासपोर्ट आहे. फार तर व्हिसा रद्द करून तुला चेन्नईच्या विमानात बसवतील, आणि पुढची दोन वर्षं ती गोष्ट तू सगळीकडे सांगशील. मीही सांगत होते. बाई तिथेच राहणार. तुला मागे बसवून नेणारा तो थ्री-व्हीलरवाला तिथेच राहणार. दुभाष्याची बहीण तिथल्याच शाळेत शिकवते. घाबरायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. तुझं काम विचारायचं, आणि विचारून झालं की परत विचारायचं.

सही म्हणजे त्या दिवसाचं ‘हो’. आज दिवस वेगळा आहे. दोन वर्षांत धाकटी लग्नाची झाली असेल, दीर सरकारी नोकरीला लागला असेल, रस्त्याच्या कडेला नवी चौकी बसली असेल. आपल्याकडे साधं जमिनीचं साठेखत करतानासुद्धा माणसं चारदा मागेपुढे होतात, त्यांना आपण काही बोलत नाही. मग हिनेच काय घोडं मारलंय? परत विचार.

तिथे नाव आणि चेहरा बाहेर आला की काय होतं हे तुला ठाऊक आहे, तरी दोन गोष्टी लिहितेच. ऑगस्ट २०१३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्त नवी पिल्लै श्रीलंकेत येऊन गेल्या. त्यांना भेटलेल्या माणसांकडे आणि पाद्र्यांकडे पोलीस आणि सैनिक चौकशीला गेले, आणि हे खुद्द पिल्लैंनाच देश सोडण्यापूर्वी जाहीरपणे सांगावं लागलं. उच्चायुक्तांच्या सावलीतही माणसं सुरक्षित नव्हती, तिथे तुझ्या-माझ्या संस्थेच्या पाटीचं काय घेऊन बसलीस! दुसरी गोष्ट बालेंद्रन जेयकुमारींची. हरवलेल्या मुलाचा फोटो घेऊन त्या प्रत्येक निदर्शनात पुढे असायच्या, कॅमेऱ्यांना त्यांचा चेहरा पाठ होता. मार्च २०१४ मध्ये उत्तरेतल्या किलिनोच्चीजवळच्या घरातून त्यांना उचललं. आरोपपत्र नाही, काही नाही, साधारण वर्षभर आत. आणि ही अटक कशी झाली हे बघायला गेलेले मानवाधिकार कार्यकर्ते रुकी फर्नांडो आणि फादर प्रवीण तीन दिवसांत स्वतःच आत गेले, त्याच दहशतवाद प्रतिबंधक कायद्याखाली. हा कायदा १९७९ मध्ये ‘तात्पुरता’ म्हणून आला होता. दोघांना दोन दिवसांत सोडलं, पण संपर्काची साधनं तपासासाठी द्या म्हणाले. त्यांना माणसं नको होती, माणसांकडची नावं हवी होती. तुझा फोन म्हणजे त्यांच्या लेखी तयार यादी.

आता माझं. हे मी आजवर कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही.

युद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. उत्तरेकडे जाणाऱ्या ए-नाइन रस्त्यावर ओमंथईचा सैन्याचा नाका तेव्हा होता. मी हुशारी केली होती, टिपणं मराठीत लिहायची. देवनागरी इथे कोण वाचणार! अभिमानच होता मला त्याचा. नाक्यावर एका पोरगेल्या सैनिकाने वही चाळली, हसला, मीही हसले. मग एका पानावर थांबला. सगळं पान मराठी आणि तळाशी फोन नंबर, इंग्रजी आकड्यांत. वहीतला तेवढाच भाग जगात कुणालाही वाचता येण्यासारखा. त्याने तो शांतपणे कागदावर उतरवून घेतला आणि वही मला परत दिली.

तो नंबर ज्या बाईंचा होता, त्यांच्या घरी तीन दिवसांनी साध्या कपड्यांतले दोघे आले. कोण आली होती, काय विचारत होती. मग त्यांच्या धाकट्याला दर आठवड्याला कॅम्पात सही करायला बोलावू लागले. महिन्याने मी पुन्हा गेले, तर बाई दारातच उभ्या. त्या घरात मी कधी प्लेन टी, म्हणजे बिनदुधाचा चहा, घेतल्याशिवाय उठले नव्हते, सोबत गुळाचा खडा. त्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, ‘पिळ्ळै, आता येऊ नकोस.’ पिळ्ळै म्हणजे लेकरू. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी कडक झाले, सगळ्यांचीच नावं काढू लागले. पुढे एक दुसऱ्या बाई भेटल्या, त्यांनी वहीवर बोट ठेवून सांगितलं होतं, माझं नाव लिही, माझ्या मुलाचं नाव लिही, शाळेचं नाव लिही. मी मान डोलावली आणि अहवालात छापलं, ‘उत्तर प्रांतातील एक महिला’. वाटलं, मी त्यांना वाचवते आहे. काही वर्षांनी त्या वारल्या. त्यांच्या मुलाचं नाव माझ्या हातून कुठेही लागलं नाही. त्यांना मी परत विचारलं नव्हतं. पहिल्या वेळी निष्काळजीपणाने विचारलं नाही, दुसऱ्या वेळी काळजीपोटी विचारलं नाही; दोन्ही वेळा ठरवलं मीच. तू म्हणशील, मावशी, तेव्हा उत्तरेत जायला परवानगी लागायची, व्हिसा मिळत नव्हता, तुम्ही तरी काय करणार होतात. हो, तेच मी स्वतःला सांगत आले. खोटंही नाही ते. पण निरोप पाठवता आला असता. जाऊ दे.

म्हणून नाव काढणं म्हणजे भ्याडपणा आणि छापणं म्हणजे शौर्य, हा हिशेब मला सांगू नकोस. संध्या एकनेलिगोडांकडे बघ. नवरा प्रगीत, व्यंगचित्रकार आणि पत्रकार, २४ जानेवारी २०१० ला नाहीसा झाला. त्या कोर्टाची पायरी चढत राहिल्या, धमक्या आल्या तरी. २०२२ मध्ये कोलंबोतल्या काळीच्या देवळात त्यांनी डोक्यावरचे केस उतरवले, न्याय माणसांकडून मिळत नाही म्हणून देवीच्या दारात. किलिनोच्चीत रस्त्याच्या कडेला २० फेब्रुवारी २०१७ पासून बसलेल्या आया मुलांचे फोटो छातीशी धरून कॅमेऱ्याकडे सरळ बघतात. त्यांनी स्वतः ठरवलंय. त्यांच्या तोंडावर काळी पट्टी ओढणारी तू कोण? आणि तुझ्या बाईंच्या तोंडावरची काढणारी तरी कोण?

साहेबांना सांग, छापणं वेगळं आणि नोंदवणं वेगळं. मानवाधिकार परिषदेच्या मार्च २०२१ च्या ठरावानंतर मानवाधिकार उच्चायुक्तांचं कार्यालय श्रीलंकेबद्दलचे पुरावे गोळा करून जपतं आहे. बाईंची तयारी असेल तर जबानी तिथे जाऊ शकते, अहवालात नाव न येता. तयारी असेल तर! हेही विचारायचंच आहे. नाहीतर एका कपाटातून काढून दुसऱ्या कपाटात ठेवशील आणि म्हणशील, काळजी घेतली.

अधिवेशन चुकेल, देणगीदार कुरकुर करतील. करू देत. पुढच्या वर्षीही अधिवेशन असतं.

जाणार असशील तर संस्थेच्या पांढऱ्या गाडीने जाऊ नकोस. पांढऱ्या गाड्यांनी तिथे माणसं नेली आहेत, अजून पोटात गोळा येतो लोकांच्या. बसने जा, चर्चच्या कार्यक्रमाच्या दिवशी जा, म्हणजे चार माणसं ये-जा करत असतील. दुभाष्याला आधी विचार, त्याला यायचंय का. त्याचाही होकार जुनाच आहे. फोन घरी ठेव. बाईंसमोर कागद काढू नकोस, आधी चहा घे. नको म्हणाल्या तर कारण विचारू नकोस. उद्या ‘हो’ म्हणाल्या तर मात्र नाव नीट लिही, मुलाचं, वडिलांचं, गावाचं, त्या सांगतील तशा उच्चारानं.

त्या भागात जातेच आहेस तर पिळ्ळै म्हणणाऱ्या माझ्या बाई अजून आहेत का बघून ये, असं लिहिणार होते. गावाचं नाव लिहिलंही होतं. वर जी ओळ गिरवून काळी केलेली दिसते आहे, ती तीच.

तुझी,
मावशी