घरातले एक माणूस तयार नसेल तर?

“आमच्या घरी सगळ्यांना कुत्रा हवा आहे, फक्त सासूबाईंना भीती वाटते. त्यांची समजूत कशी घालावी?” कुत्रा दत्तक घ्यायला निघालेल्या कुटुंबांकडून हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो; कधी सासूबाईंच्या जागी नवरा असतो, कधी वडील. अशाच एका कुटुंबाचा अनुभव, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून, येथे सांगते.

नोकरी करणारे पती-पत्नी, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेल्या आजी असे चौघेही माझ्याकडे सल्ल्यासाठी पहिल्या भेटीला आले होते. प्राण्यांच्या निवारा केंद्रातली तीन वर्षांची एक कुत्री त्यांनी पसंत केली होती आणि बिछाना, भांडी, पट्टा अशी खरेदीही उरकली होती. मुलगा तिचे कान कसे आहेत ते हातांनी करून दाखवत होता. आजी मात्र पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि पुन्हा सोडवत बसल्या होत्या. आजींना भीती वाटते, हे सुनेने केलेले निदान मीही मान्य करून टाकले आणि भीती हळूहळू कशी कमी करता येते, हे आजींना समजावू लागले. त्यांनी पाच-सात मिनिटे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “मला भीती वाटते असं हे दोघं म्हणतात. मी कधी म्हटलंय?”

चूक माझीच होती. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याला आधी विचारावे, हा आमच्या कामातला अगदी पहिला धडा मी त्या दिवशी विसरले होते.

मग मी एक कोरा कागद घेऊन त्यावर सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंतचे रकाने आखले आणि कुत्रीला फिरवणे, खाऊ घालणे, घाण साफ करणे, दार उघडताना तिला धरून ठेवणे, यांपैकी काय कोण करणार ते प्रत्येकाला लिहायला सांगितले. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा हे सगळे रकाने रिकामे राहिले. “आई घरी असतेच की,” मुलाचे वडील सहज बोलून गेले. आजींनी त्या रिकाम्या रकान्यांवरून बोट फिरवले. “हे दहा तास माझे. मला कुणी विचारलं?”

प्राण्याची भीती म्हणून जे सांगितले जाते ते पुष्कळदा आपल्यावर पडणाऱ्या कामाचे भय असते, आणि ते अगदी रास्त असते. खरीखुरी भीती असेल तेव्हा मार्ग वेगळा: कुत्रा आणण्याआधी केंद्रात चार-पाच वेळा जाऊन, तो पट्ट्यात असताना, सुरक्षित अंतरावरून ओळख वाढवावी. येथे गरज होती ती वाटणीची.

मी त्यांना दोन आठवडे थांबायला सांगितले. केंद्रानेही ते मान्य केले. या काळात वडील आणि मुलगा रोज सहा वाजता उठून रिकामा पट्टा हातात घेऊन अर्धा तास चालून यायचे. चौथ्या दिवशी पाऊस होता आणि दोघेही उठले नाहीत, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. दुपारच्या फेरीसाठी पगारी मदतनीस ठेवायचे ठरले.

कुत्री येण्याआधी घर तपासण्याचे काम मी मुद्दाम आजींकडे दिले. कुत्रीचा बिछाना त्यांच्या खोलीतून न्हाणीघराकडे जाणाऱ्या वाटेवरच घातलेला होता. रात्री त्याला अडखळून आजी पडल्या असत्या. तो दोन भिंतींच्या कोपऱ्यात हलला. त्यांच्या उशाशी असलेल्या वेदनाशामक गोळ्या, ज्यांतली आयबुप्रोफेन कुत्र्यांना घातक ठरते, त्या कपाटात गेल्या. चॉकलेट, मनुका आणि कांदेही वरच्या फळीवर गेले.

मुलाला मी एवढेच शिकवले की ती खात किंवा झोपली असताना तिच्याजवळ जायचे नाही, आणि ती तोंड फिरवू लागली, उगाच ओठ चाटू लागली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, तर मागे व्हायचे. गुरगुरली तर रागवायचे नाही. गुरगुरणे ही सूचना असते. ती दडपली तर पुढच्या वेळी सूचनेवाचून चावा बसू शकतो.

कुत्री घरी आली आणि सोफ्यामागे जाऊन बसली. पहिल्या दिवशी तिने काही खाल्ले नाही, तेव्हा रात्री सुनेचा फोन आला, “आपलं चुकलं का?” केंद्रात मिळत होते तेच खाणे द्या, बदलायचे झाले तर सात ते दहा दिवसांत थोडे थोडे मिसळून बदला, पाणी जवळ ठेवा, पाहुणे बोलावू नका, आणि दुसरा दिवसही उपाशी गेला किंवा उलट्या, जुलाब, मरगळ दिसली तर पशुवैद्यांकडे न्या, असे मी सांगितले. रुळायला काही आठवडे, क्वचित महिनेही लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ती थोडे खायला लागली.

पुढच्या आठवड्यात आजींचा फोन आला. “ती माझ्या खुर्चीपाशी येऊन बसते. मी हात लावत नाही, तीही मागत नाही. बरं चाललंय आमचं.” जरा थांबून त्यांनी खरा मुद्दा काढला, “सहाची फेरी मात्र दोनदा बुडली. तो कागद भिंतीवर लावू का?”

लावा, म्हटले.