पाचगणीच्या आधी मे महिन्यातला हप्ता

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून एका वाचकाचं पत्र आलं आहे. येत्या जूनमध्ये त्यांना ५२ पूर्ण होतील, पत्नी ४८, मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हातात येणारा पगार १.६० लाख. पत्रातला महत्त्वाचा भाग असा:

“ऑफिसला जाण्यायेण्यात रोज साडेतीन तास जातात, आता अंगात त्राण राहत नाही. नोकरी सोडून पाचगणीला कायमचं राहायला जायचं ठरवतो आहोत. तिथे १.१० कोटीचं रो-हाउस बघितलंय. ठाण्याचा फ्लॅट (१.४० कोटी, कर्ज नाही) विकून ते घ्यावं, की फ्लॅट ३२ हजारांनी भाड्याने देऊन ६० लाखांचं कर्ज काढावं? पीएफ ५८ लाख, म्युच्युअल फंड २४ लाख, एफडी १४ लाख आणि बँकेच्या गॅरंटीड योजनेत १८ लाख, असे एकूण १.१४ कोटी आहेत. पाचगणीत ४५ हजारांत महिना भागेल. योजनेचे महिन्याला ५८ हजार येतीलच, शिवाय हिने दोन खोल्यांचा होम-स्टे चालवला तर ४० हजार सुटतील.”

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. फ्लॅट विकू नका, कर्जही काढू नका. साठ लाखांचं कर्ज साठीपर्यंत, म्हणजे ८ वर्षांत फेडायचं तर साडेआठ टक्क्यांनी हप्ता ८६ हजारांच्या आसपास बसतो. नोकरी सोडलेल्या माणसाला बँक ते देणार नाही, दिलंच तर तुम्ही ते कुठून फेडणार? आणि फ्लॅट विकायची घाई का नको, ते पुढे येईलच. तिथे तसंच रो-हाउस २२ हजार भाड्याने मिळतं, असं तुम्हीच लिहिलं आहे. ठाण्याच्या ३२ हजारांतून सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि एखादा रिकामा महिना वजा केला तरी २५ हजार हातात राहतात. एका घराच्या भाड्यातून दुसऱ्याचं भाडं सुटतंय. एक वर्ष भाड्याने राहा.

आता जे विचारलं नाही, त्याकडे वळतो, कारण खरा धोका तिथे आहे. तुमच्या यादीतली ‘बँकेची गॅरंटीड योजना’ ही बँकेची योजना नाही, ती विमा पॉलिसी आहे. बँकेने ती फक्त विकली. तुम्ही जोडलेले कागद मी दोनदा वाचले. पॉलिसी मे २०२३ ची. वर्षाला ६ लाखांचा हप्ता, १० वर्षं भरायचा. तुम्ही तीन भरलेत, सात राहिलेत. वर्षाला ७ लाखांचं उत्पन्न २० वर्षं मिळणार, पण पहिला चेक २०३५ मध्ये. तुम्ही आज धरलेले महिना ५८ हजार म्हणजे हेच ७ लाख. ते नऊ वर्षांनी सुरू होणार आहेत. उरलेले हप्ते होतात ४२ लाख, आणि तुमच्या जमाखर्चात त्यांचा उल्लेखच नाही.

कागदांत माहितीपत्रकाचा एक फोटो आहे. त्याच्या कोपऱ्यात रिलेशनशिप मॅनेजरने निळ्या पेनाने लिहिलंय: ‘६० लाख भरा, दर वर्षी ७ लाख = ११.६ टक्के, टॅक्स-फ्री’. खाली दोन रेघा मारल्या आहेत. हे वाचून मला संताप आला, तुमचा नाही, लिहिणाऱ्याचा. सात भागिले साठ हा आकडा परतावा नसतोच. एफडीत व्याज घेऊन मुद्दल परत मिळतं. इथे २० वर्षांनी मुद्दल म्हणून काहीही येत नाही, त्या ७ लाखांतच तुमचं स्वतःचं मुद्दल तुम्हाला परत मिळतंय. शिवाय पहिला हप्ता आणि पहिला चेक यांत १२ वर्षांचं अंतर आहे. तारखा धरून हिशेब केला की खरा परतावा सव्वापाच टक्क्यांच्या आसपास येतो. तुमच्या पीएफवर सध्या ८.२५ टक्के मिळतात.

‘टॅक्स-फ्री’ हेही खोटं. १ एप्रिल २०२३ पासून काढलेल्या पॉलिसींचा वर्षाचा एकूण हप्ता ५ लाखांच्या वर गेला, तर मृत्यूनंतरची रक्कम सोडून बाकी पैशांवरची करमाफी जाते, भरलेले हप्ते वजा जाता उरलेल्या फायद्यावर कर लागतो. तुमची पॉलिसी त्या तारखेनंतर जेमतेम महिनाभराने निघाली. नियम ताजा होता, विकणाऱ्याला तो माहीत असायलाच हवा होता.

आता तुमची योजना वर्षावर्षाने मांडून बघू. १८ लाख बाजूला ठेवा, ते आज काढता येत नाहीत. उरतात ९६ लाख. महिना ४५ हजारांचा तुमचा अंदाज मला पटत नाही. त्यात आरोग्य विम्याचा हप्ता नाही, गाडी नाही, ठाण्या-पुण्याच्या फेऱ्या नाहीत. ६५ हजार धरा. ठाण्याच्या भाड्यातून पाचगणीचं भाडं जाऊन उरणारे तीनेक हजार वजा केले तर वर्षाला ७.४ लाख, अजून दोन वर्षं मुलीचे ३ लाख, आणि ६ लाखांचा हप्ता. महागाई ६ टक्के, सगळ्या पैशांवर मिळून परतावा ८ टक्के. फंडांवर १५ टक्के धरा असं तुम्ही म्हणता. मी धरणार नाही. ९६ पैकी ७२ लाख पीएफ आणि एफडीत असताना सरासरी पंधरा होऊच शकत नाही, आणि फंडही दरवर्षी पंधरा देईल असं कुणी लिहून देत नाही.

अशा हिशेबाने २०३४ मध्ये तुमचे पैसे संपतात. तुम्ही साठीत असाल, सगळे हप्ते भरून झालेले असतील, आणि पॉलिसीचा पहिला चेक यायला वर्ष बाकी असेल. म्हणून प्रश्न पाचगणीचा नाही, येत्या मे महिन्यातल्या हप्त्याचा आहे.

तो भरू नका. पण पॉलिसी मोडूही नका. सरेंडर केली तर ६.३ लाखच हातात येतात, म्हणून ती चालूच ठेवणार, असं तुम्ही लिहिलंय. मधला रस्ता तुम्हाला कुणी सांगितलेला दिसत नाही: पॉलिसी पेड-अप करणं. पुढचे हप्ते बंद, आणि भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात उत्पन्न. दहापैकी तीन हप्ते भरले, म्हणजे ७ लाखांच्या जागी साधारण २.१ लाख, २०३५ पासून २० वर्षं. सरेंडरचे ६.३ लाख ८ टक्क्यांनी वाढवून २०३५ पासून २० वर्षं पुरवायचे ठरवले, तर वर्षाला सव्वा लाखाच्या आतच सुटतात. मोडण्यापेक्षा पेड-अप सरळ सरळ फायद्याचं. उरलेले ४२ लाख भरून वरचे ४.९ लाख विकत घ्यायचे, तर त्या पैशांवर करापूर्वी ६ टक्के पडतात. पगार चालू असता तरी मी हे सुचवलं नसतं.

विमा कंपनीकडून, बँकेकडून नव्हे, पेड-अप आणि सरेंडरचे आकडे लेखी मागवा. हप्त्याच्या तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, तोवर निर्णय पक्का करता येतो. बँकेतून फोन येतील, ‘साहेब, भरलेलं सगळं वाया जाईल’ म्हणतील. वाया जात नाही. तो निळ्या पेनाचा कागद मात्र जपून ठेवा. आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा, दाद लागली नाही तर विमा नियामकाचं ‘बीमा भरोसा’ पोर्टल आणि पुढे विमा लोकपाल. पैसे परत मिळाले तर उत्तम, पण पाचगणीचा बेत त्यावर उभा करू नका.

हप्ता बंद केल्यावर तेच गणित पुन्हा केलं, तर पैसे २०४० पर्यंत पुरतात. तुम्ही ६६, पत्नी ६२. अजूनही कमीच. इथे तुमच्या पत्राच्या शेवटून दुसरी ओळ कामाला येते, जी तुम्ही सहज लिहून टाकलीत: “कंपनी अर्ध्या पगारावर पूर्ण वेळ घरून काम द्यायला तयार आहे, पण मी नाही म्हणालो.”

का नाही म्हणालात? साडेतीन तासांचा प्रवास हीच तर तुमची तक्रार होती! अर्धा पगार म्हणजे ८० हजार, वर्षाला ९.६ लाख. पाचगणीत राहून, मुलीची फी धरूनही पहिल्या तीन वर्षांत ९६ लाखांना जवळपास हात लावावा लागत नाही. २०२९ पर्यंत ते १.२० कोटींच्या घरात जातात. त्यानंतर नोकरी सोडली तरी, पेड-अप पॉलिसीच्या २.१ लाखांसह, पैसे २०४५ पर्यंत चालतात. आणि तेव्हा सत्तरी ओलांडल्यावर विकायला ठाण्याचा फ्लॅट हातात असतो. म्हणूनच तो आज विकायचा नाही. उद्याच साहेबांशी बोला. कर्मचारी म्हणून ठेवणार की सल्लागार म्हणून, तेही विचारा, कारण कर्मचारी राहिलात तर पीएफ आणि कंपनीचा आरोग्य विमा बहुधा चालू राहील.

आरोग्य विम्यावर तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही, आणि पत्नीला डायबेटिस आहे. सध्या जो आहे तो कंपनीचा, नोकरीबरोबर जाणारा. नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. कंपनीचा विमा ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याच वैयक्तिक पॉलिसीत राजीनाम्याआधी बदलून घेतलंत, तर आतापर्यंतची वर्षं मोजली जातात. एचआरला हे विचारूनच पुढचं पाऊल टाका. पाचगणीहून मोठ्या दवाखान्यासाठी पसरणीचा घाट उतरून वाईला आणि बरेचदा तिथून साताऱ्याला किंवा पुण्याला जावं लागतं. रात्री, धुक्यात, पावसात. पॉलिसी पेड-अप केली की तिच्यातलं ६० लाखांचं मृत्यूचं संरक्षणही १८ लाखांवर येईल, म्हणून मे उजाडण्याआधी, पगाराच्या स्लिपा हातात असताना, साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूचं संरक्षण देणारा, घ्या.

होम-स्टेबद्दल पत्नींना माझं थेट सांगणं आहे. ४० हजार हा मे महिन्याचा आकडा आहे, बारा महिन्यांचा नाही. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर वीकेंडच्या सत्तरेक रात्री उरतात. दोन खोल्या, रात्रीचे अडीच हजार, साठ टक्के भरल्या तर २ लाखांच्या आसपास. दिवाळी, नाताळ आणि उन्हाळी सुट्टीचे अजून लाखभर धरा. यातून कमिशन, मदतनीस, धुलाई, गॅस, वीज जाऊन महिन्याला १२-१५ हजार सुटले तर चांगलं चाललं म्हणायचं. शिवाय भाड्याच्या घरात मालकाची परवानगी लागेल. पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे, तिची नोंदणी करून घ्या. हौस म्हणून जरूर करा, पण खर्चाच्या वहीत हे पैसे धरू नका.

भाड्याचं वर्ष जूनपासून सुरू करा, ऑक्टोबरपासून नको. ऑक्टोबरात पाचगणी सगळ्यांनाच आवडते. महाबळेश्वरच्या मानाने तिथे पाऊस कमी, हे खरं. पण ठाण्याच्या माणसाला जुलै-ऑगस्टमध्ये कपाटातल्या कपड्यांवर बुरशी येते, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, वीज जाते आणि तुम्हाला घरून काम करायचं असतं, तेव्हा कळतं. पत्नींच्या मैत्रिणी, भाऊ सगळे ठाण्यात. त्यांचं मन रमतं का, हे याच चार महिन्यांत समजेल, आणि त्यासाठी १.१० कोटी अडकवायची गरज नाही. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली, फर्निचर मिळून वर दहा-बारा लाख जातात, आणि घर विकायला काढलं तर ते परत येत नाहीत.

वर्षानंतरही घर घ्यावंसं वाटलं, तर छोटं घ्या. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. बांधकामावर निर्बंध आहेत, आणि त्यांच्याकडे काणाडोळा करून बांधलेली घरंही विकायला येतात. नगरपरिषदेची बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र आणि जमीन बिगरशेती (एनए) असल्याचा कागद, हे तिन्ही कागद वाईच्या किंवा साताऱ्याच्या वकिलाला दाखवल्याशिवाय टोकनही देऊ नका. ‘एनए होऊन जाईल, आत्ता सात-बारावर घ्या’ असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही.

तुम्ही दोघांनी पाचगणीला जावं, असंच मला मनापासून वाटतं. रोजचे साडेतीन तास वाचणं मोलाचं आहे, आणि पैशांचं गणितही जुळतंय. फक्त आधी विमा कंपनीला पत्र पाठवा. पेड-अपचा आकडा हातात आला की मला कळवा. तो २.१ लाखांपेक्षा बराच कमी निघाला, तर सरेंडरचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल, आणि ते हप्त्याची तारीख येण्याआधी व्हायला हवं.