चरबी काढलेलं डुकराचं मांस चिकनइतकं पौष्टिक असतं का? जिमला जातो, जेवणात घेऊ का? घरचे म्हणतात, पोर्क म्हणजे नुसती चरबी.

घ्या. तुमच्यापुरतं उत्तर एवढंच. पुढचं लिहितोय ते तुमच्या घरच्यांसाठी, कारण त्यांचं ते शेवटचं वाक्य मी माझ्या घरात जेवायला बसल्यावर इतक्या वेळा ऐकलंय की आता कोणीही म्हटलं तरी डोकं फिरतं.

आधी आकडे. डुकराच्या पाठीच्या कण्याला लागून आतल्या बाजूला जो लांबट मऊ पट्टा असतो, टेंडरलॉइन, तो वरची चरबी काढून भाजला तर 100 ग्रॅममध्ये साधारण 26 ग्रॅम प्रोटीन, साडेतीन ग्रॅम चरबी आणि 143 कॅलरी. कातडी काढलेल्या चिकन ब्रेस्टमध्ये 31 ग्रॅम प्रोटीन, साडेतीन ग्रॅमच्या आसपास चरबी, 165 कॅलरी. म्हणजे प्रोटीनमध्ये चिकन थोडं पुढे, चरबीत दोघं सारखे. पण त्याच डुकराच्या पोटाकडचा, थर असलेला भाग घेतलात तर कच्च्या 100 ग्रॅममध्ये 53 ग्रॅम चरबी आणि प्रोटीन जेमतेम 9. एकाच जनावराचे हे दोन भाग. 'पोर्क चांगलं की वाईट' विचारणाऱ्याला मी म्हणूनच आधी विचारतो, कुठला भाग?

मी वसईचा, ख्रिस्ती. नाताळ, लग्न, गावचा सण, इंदाल (मिरची-व्हिनेगरच्या वाटणातलं आमचं पोर्क) नसेल तर पाहुणे जेवून जातात पण बोलून दाखवतात. पप्पांची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी एक छापील कागद दिला. त्यात 'पोर्क'वर लाल फुली आणि 'चिकन'पुढे बरोबरची खूण. बस. कुठला भाग, कसं शिजवलेलं, किती, काही नाही. ताईने तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि त्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघराची मालकी बोरिवलीहून चालायला लागली.

पप्पांनी उकडलेलं चिकन काही दिवस निमूटपणे खाल्लं. मग अर्धं ताटात राहायला लागलं. मग 'भूक नाही'. ज्या माणसाने आयुष्यभर रविवारची मिस्सा संपल्यावर पिशवी घेऊन थेट मटणाच्या दुकानाची वाट धरली, तो दुपारी पेज पिऊन झोपायला लागला. दंडाचं मांस उतरलं. म्हातारपणी तेच सगळ्यात वाईट, कारण गेलेले स्नायू त्या वयात सहज परत येत नाहीत. याबद्दल त्या कागदावर एक ओळ नव्हती.

शेवटी मी आमच्या नेहमीच्या पोर्कवाल्याकडे गेलो आणि टेंडरलॉइन मागितलं. तो बघतच राहिला. वसईत कातडीसकट, थराचं मागतात, इंदालला तेल सुटलं पाहिजे ना. म्हणाला, 'हे घेऊन काय करणार, कोरडं होईल.' बरोबर होतं त्याचं. या भागाला तास-तास शिजवायचं नाही. मी उरलीसुरली चरबी आणि वरचा पांढरा पापुद्रा सुरीने काढला, काश्मिरी मिरची, लसूण, जिरं, मोहरी, हळद व्हिनेगरमध्ये वाटून रात्रभर लावून ठेवलं, मीठ निम्मं, तेल चमचाभर. सकाळी झाकण ठेवून मंद आचेवर, मऊ झालं की लगेच बंद. आईच्या इंदालसारखं झालं नाही हे सांगतो, चरबीशिवाय ती चव येत नाही आणि येते म्हणणारा खोटं बोलतो. पण पप्पांनी भात दुसऱ्यांदा घेतला.

नेमके त्याच रविवारी ताई आणि भावोजी आले. भावोजींनी टोपात डोकावून जे सुरू केलं, ते विचारू नका. 'विष देताय तुम्ही त्यांना.' 'बॅंकेत कारकुनी करणारा डॉक्टर कधी झाला?' आणि त्यांनी स्वतः आणलेल्या डब्यात काय होतं? नारळाच्या घट्ट रसातली कोंबडी, कातडीसकट, मांडीचे तुकडे. कातडीसकट भाजलेल्या मांडीत 100 ग्रॅमला 15 ग्रॅमच्या वर चरबी असते, म्हणजे माझ्या टोपातल्याच्या चौपट. वर नारळ. खोबरेल तेलातली ऐंशी टक्क्यांहून जास्त चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड), आणि डुकराच्या चरबीत हेच प्रमाण चाळीसच्या आसपास. (म्हणून डुकराची चरबी खा असं मी म्हणत नाही. ज्याच्या नावाने बोटं मोडता आणि ज्याला 'हलकं' म्हणता त्यातला फरक सांगतोय.) भावोजींच्या मुलांच्या डब्यात रोज चिकन सलामीचं सॅंडविच जातं, तेही 'चिकन' म्हणून हलकं.

पुढच्या तपासणीला मी मुद्दाम सगळ्यांसमोर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, चरबी काढलेलं असेल तर आठवड्यातून एखाद वेळ हरकत नाही, मीठ कमी ठेवा. घरी येईपर्यंत ताईच्या लेखी डॉक्टर फक्त 'मीठ कमी ठेवा' एवढंच म्हणाले होते. पप्पांचं कोलेस्ट्रॉल नंतर खाली आलं, पण ते गोळ्यांनी. त्याचं श्रेय मी माझ्या टेंडरलॉइनला देणार नाही, आणि भावोजींनी उकडलेल्या चिकनला देऊ नये.

जिमवाले ज्याकडे बघतच नाहीत ते म्हणजे बी-1, थायमिन. या बाबतीत डुक्कर बाकी सगळ्या मांसांच्या पुढे आहे. 100 ग्रॅम शिजवलेल्या टेंडरलॉइनमध्ये एक मिलिग्रॅमच्या जवळपास, चिकन ब्रेस्टमध्ये 0.07. दिवसाची गरज एक-दीड मिलिग्रॅमच्या घरातली. आपण पॉलिश केलेला पांढरा भात खाणारी माणसं, आणि तांदळाचा कोंडा काढला की सगळ्यात आधी जातं ते हेच. जावामध्ये आयकमन नावाच्या डच डॉक्टरने पांढऱ्या तांदळावरच्या कोंबड्या लुळ्या पडताना पाहिल्या, त्यातून बेरीबेरीचं, म्हणजे बी-1 च्या अभावाने होणाऱ्या आजाराचं, कोडं उलगडत गेलं आणि त्याला 1929 मध्ये नोबेल मिळालं. हे जीवनसत्त्व पाण्यात उतरतं, म्हणून 'वास जावा' म्हणून आधी उकडून पाणी ओतून देऊ नका. रस्सा भातावर घ्या. सेलेनियम, बी-6 आणि झिंकही बऱ्यापैकी मिळतं. लोहासाठी मात्र पोर्कवर विसंबू नका, फिकट रंगाच्या मांसात ते कमीच.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. कोणी पोर्कला 'व्हाइट मीट' म्हटलं तर ती अमेरिकेतल्या पोर्क विकणाऱ्यांची 1987 ची जाहिरात. शास्त्राच्या हिशेबात ते रेड मीटच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्ये रेड मीटला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आणि बेकन, हॅम, सॉसेज, सलामी या प्रक्रिया केलेल्या मांसाला थेट 'कर्करोगकारक' गटात. गोव्याचं चोरीस, म्हणजे तिथलं सॉसेज, तेही त्यातच आलं, मला कितीही आवडत असलं तरी. म्हणून रोज नको. आठवड्यातून एक-दोनदा, बाकी दिवस मासे, अंडी, डाळ. बोकडाचं मटण चरबी काढून खात असाल तर तेही जवळपास इतकंच हलकं आहे, पोर्कसाठी हट्ट धरायची गरज नाही. युरिक ॲसिड किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

जंताची भीती घालतील तर ऐका. अर्धंकच्चं, गाठी असलेलं मांस खाल्लं तर पोटात पट्टकृमी (टेपवर्म) होतो, हे खरं. पण मेंदूत गाठी होतात त्या माणसाच्या विष्ठेतून आलेली त्या कृमीची अंडी हाताला, पाण्याला, न धुतलेल्या भाजीला लागून पोटात गेल्यामुळे, आणि म्हणूनच आयुष्यात मांस न शिवलेल्यांनाही हा आजार होतो. फार्मचं मांस घ्या, पांढरट दाणे दिसले तर परत करा, आणि परदेशी व्हिडिओ बघून आत गुलाबी ठेवायच्या भानगडीत इथे पडू नका, पूर्ण शिजवा.

आणि भावोजी, कोणी तुम्हाला हे पाठवलंच तर त्या सलामीच्या पाकिटाची मागची बाजू वाचा, सोडियम लिहिलेलं असतं.