वेठीस धरलेला शिमोन

तुम्ही विचारलंय, 'आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहे, सगळं मीच करतो. ख्रिस्ती मित्र म्हणतो, दुःखात देवाचं प्रेम दिसतं. मला तर चीडच येते. कुणाला खरंच काही अर्थ सापडला का?'

मी बेळगावजवळच्या खानापूरची, कॅथलिक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभेला पूर आला, त्याच आठवड्यात आमच्या ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुढची चार वर्षं ते पलंगावर आणि मी पलंगाच्या कडेला.

तुमच्यासारखी चीड मलाही यायची, आणि ती देवावरच निघायची. भेटायला येणारे म्हणायचे, 'देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा बघतो.' कुणी म्हणायचं, मागचं काहीतरी असणार. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला बघून शिष्य हेच विचारतात: पाप कुणी केलं, ह्यानं की ह्याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, ह्यानंही नाही, आईबापांनीही नाही. ह्याच्या ठायी देवाचं कार्य दिसावं. आणि लगेच थुंकीनं माती कालवून त्याच्या डोळ्यांना लावतो. मला त्या कालवलेल्या मातीचा फार आधार वाटला.

पण अर्थ म्हणाल, तर तो ईस्टरआधीच्या उपवासकाळात क्रूसाच्या वाटेवर सापडला. येशूला क्रूसावर द्यायला नेलं, ती वाट आम्ही प्रार्थना करत एकेका स्थानावर थांबून आठवतो. चौदा स्थानांपैकी पाचवं: शिमोन येशूचा क्रूस उचलतो. मराठी बायबलात त्याचं नाव शिमोन कुरेनेकर, आपल्या खानापूरकर, येळ्ळूरकरांसारखंच. रानातून येत होता. शिपायांनी त्याला 'वेठीस धरलं', शब्द हाच आहे. लहानपणापासून ऐकलेला, पण त्या वर्षी काळजाला लागला. हा माणूस प्रेमापोटी आलाच नव्हता. धरून आणलेला. तरी त्या वाटेवर येशूचं ओझं खांद्यावर घेतलं ते त्यानंच. मार्क आपल्या शुभवर्तमानात त्याच्या मुलांची नावंही सांगतो, आलेक्सांद्र आणि रूफ. म्हणजे पुढे ती मुलं ख्रिस्ती मंडळीच्या ओळखीची असावीत. त्या बापानं घरी जाऊन काय सांगितलं असेल, ह्याचा मी खूप विचार केलाय.

मीही वेठीलाच धरलेली होते. हे एकदा मान्य केलं आणि छातीवरचा दगड थोडा सरकला. रात्री दोनला उठताना 'आपण प्रेमानं करतोय की नाइलाजानं' हे तपासत बसणं सोडून दिलं. कूस बदलायची, पाठ पुसायची, चादरीची सुरकुती काढायची. एकदा पाठ पुसत असताना ह्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि तसंच धरून ठेवलं. टॉवेलातलं कोमट पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळत होतं. ख्रिस्त इतका जवळ मला चर्चमधल्या मिस्सेच्या उपासनेतही कधी वाटला नव्हता. ह्याहून जास्त मला समजावून सांगता येणार नाही.

दुःख देवानं पाठवलं, असं मी आजही म्हणत नाही. तो त्या खोलीत होता, एवढं सांगते.

आणि एकट्यानं ओढू नका. आमच्या शेजारच्या अक्का लिंगायत, चर्चची पायरी कधी चढलेल्या नाहीत. रोज संध्याकाळी दारातून विचारायच्या, 'ऊटा आतेन्री?', जेवलात का, आणि गरम भाकरी-झुणका ओट्यावर ठेवून जायच्या. कधी म्हणायच्या, 'जा, दोन तास झोप, मी बसते.' पहिले सहा महिने मी नको नको म्हणत राहिले, ते चुकलंच. येशूचासुद्धा क्रूस दुसऱ्यानं उचलला. तुम्ही कुणाला तरी आठवड्यातून एक दुपार मागून घ्या, आणि त्या दुपारी झोपा.

आईची कूस दर दोन तासांनी बदलता ना? टाचा आणि माकडहाड रोज उजेडात बघत जा. लालसर दिसलं तर दुसऱ्या दिवसावर टाकू नका, डॉक्टरांना दाखवा. सतत पडून राहिल्यानं झालेली ह्यांची पहिली जखम मी दोन दिवस उशिरा पाहिली होती.