जुन्या पद्मिनीच्या बॅटरीची वायर घरी बदलता येते का?

हो, येते. तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या १९८४च्या प्रीमियर पद्मिनी गाडीत बॅटरीकडून सेल्फकडे (स्टार्टर मोटरकडे) जाणाऱ्या वायरीचं कव्हर तडकलंय, तांबं दिसतंय आणि मेकॅनिक म्हणतोय टेप मारून देतो. कृपा करून टेप मारू देऊ नका. जुन्या गाड्यांत या वायरीला बहुधा फ्यूज नसतो. उघडं तांबं बॉडीला टेकलं की शेकडो अँपिअर करंट वाहतो आणि कव्हर पेटायला काही सेकंद पुरतात. नवी वायर येईपर्यंत बॅटरीच सोडवून ठेवा.

अंगठी, कडं, घड्याळ काढा, डोळ्यांना चष्मा लावा. बॅटरी नुकतीच चार्ज केली असेल तर बॉनेट उघडून थोडा वेळ हवा खेळू द्या, कारण चार्जिंगमध्ये हायड्रोजन निघतो. मग आधी अर्थ, म्हणजे बॅटरीकडून बॉडीला जाणारी वायर सोडवा, लाल नंतर. अर्थ सुटलेली असली की लाल टर्मिनलचा नट फिरवताना पाना बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही. पाना दोन्ही टर्मिनलवर आडवा पडू नये, एवढं मात्र सांभाळा. जोडताना अर्थ शेवटी. पद्मिनीत निगेटिव्ह बॉडीला असतं, पण १९६०च्या दशकापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह असायचं. म्हणून रंगावर न जाता कुठली वायर बॉडीला जाते ते डोळ्यांनी बघा.

वायर २५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची, तांब्याची आणि तेल-उष्णता सोसणारी घ्या. दुकानातच एक तार चाकूने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, परत करा. लग (वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) हायड्रॉलिक टूलने दाबून घ्या, हातोडीने ठोकून नको. माप जुन्या वायरीवरून घ्या, पण इंजिन हलतं म्हणून थोडी सैल ठेवा. पत्र्यातून जाते तिथे नवीन रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी रिंग) हवाच.

लाल वायर बदलली आणि अर्थ जुनीच ठेवली, तर काम अर्धंच झालं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे इंजिन ते बॉडी अशी वेगळी अर्थपट्टी लागते. ती तुटली की सेल्फचा करंट चोकच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर दोष इथेच शोधा. पट्टी बसते तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, नट आवळा आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा.

शेवटची अर्थ जोडण्याआधी सगळे स्विच बंद करा, दारं लावा. बॅटरीचं निगेटिव्ह आणि सुटी अर्थ वायर यांच्यामध्ये पार्किंग लाइटचा १२ व्होल्टचा बल्ब धरा. पेटला नाही तर अर्थ जोडा, गाडी न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक ओढा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. त्याच वेळी व्होल्ट मोजायच्या मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी सेल्फवर ही वायर बसते त्या बोल्टवर ठेवा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर एखादा जॉइंट सैल किंवा मळलेला आहे. आणि बल्ब पेटला, तर कुठेतरी करंट जातोय. तो सापडेपर्यंत अर्थ जोडू नका.