पहिलाच किल्ला करताय? मग एवढंच बघा

चार वर्षांच्या लेकीसोबत दिवाळीचा पहिला किल्ला, तोही बाल्कनीत? जमेल की! फक्त हुबेहूब रायगड करायचं डोक्यातून काढून टाका. बहुतेक आई-बाबा तिथेच फसतात. स्वतः रात्र जागवून बुरूज घडवतात आणि पोर बाजूला बसून कंटाळतं.

सुरुवातीला इतकंच:

- खाली जाड प्लास्टिक अंथरा, पाणी जायची जाळी मोकळी ठेवा.
- विटा, दगड, उलटी कुंडी रचून उंची घ्या. त्यावर पातळ चिखलात बुडवलेलं गोणपाट टाका. नुसता मातीचा ढीग वाळला की तडकतो.
- अळीव किंवा मोहरी वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी पेरा. ओल्या चिखलावर कोरडेच दाणे भुरभुरायचे, हे काम लेकीचं. पाणी मात्र हाताने शिंपडा. तांब्याने ओतलंत तर बी उतारावरून वाहून सगळी हिरवळ पायथ्याशीच उगवते!

मावळे बाजारातून आणा. महाराज सगळ्यात वर. बाकी कोण कुठे उभं राहणार ते तिला ठरवू द्या. तोफेशेजारी डायनासोर आला तरी चालेल, आमच्याकडे दरवर्षी येतो.

तळं, कारंजं, लायटिंग यंदा नकोच. पुढच्या वर्षी विचारा, सांगतो.